नामकरण आणि नामपरंपरा
(वार्षिकोत्सवातील भाषण)



बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्या क्षणापासून ते नाव त्या बाळाचे होते. त्या नावाचा अर्थ बाळाला ठाऊक नसतो, नावात सांगितलेला गुणही त्याच्या अंगी अद्याप आलेला नसतो. मग नाव आणि नावाचा धनी यांची गाठ कशाने पडते? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु मोठमोठ्या शास्त्रकारांनी त्यावर आपली बुद्धी खर्च केली आहे.

महाभाष्यकार पतंजलींनी एक मार्मिक दाखला दिला आहे. घट हवा असला म्हणजे मनुष्य कुंभाराकडे जाऊन घट घडवून घेतो. परंतु बोलावयाचे झाले म्हणून कोणी वैयाकरणाकडे जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द आणि त्यांचे अर्थ लोकव्यवहारात आधीच सिद्ध असतात. मीमांसकांनी तर हा संबंध नित्यच मानला. नैयायिकांना ते मान्य नव्हते. अमुक पदाने अमुक अर्थाचा बोध व्हावा, असा जो ईश्वरेच्छारूप संकेत, तीच पदाची शक्ती, असे प्राचीन नैयायिकांचे मत होते.

येथे सहजच शंका निघते. गाय, घट हे शब्द अनादि म्हणता येतील. पण काल जन्मलेल्या मुलाच्या नावात ईश्वराचा संकेत कोठून आला? सतराव्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचानन यांनी ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याचे उत्तर दिले आहे. पित्याने ठरलेल्या दिवशी अपत्याचे नाव ठेवावे, ही शास्त्राज्ञा ईश्वरेच्छाच होय. म्हणून त्या नावातही शक्ती आहेच. शब्दाची ही शक्ती मनुष्याला कशी उमगते, याची व्याकरण, कोश, आप्तवाक्य इत्यादी आठ साधने त्या ग्रंथात सांगितली आहेत. त्यांत व्यवहाराचा मान मोठा. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गाय आण’ म्हणतो, नंतर ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ म्हणतो. जवळ उभे असलेले मूल हे पाहता पाहता कोणता शब्द कशाचा, हे ओळखते.

पाश्चात्त्य देशांतही हाच वाद रंगला. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये डार्टमथ या इंग्लिश गावाचे उदाहरण घेतले. नावाचा अर्थ डार्ट नदीचे मुख. परंतु उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. नाव केवळ वस्तू दाखविते, तिचे वर्णन करीत नाही. जर्मन पंडित फ्रेगे यांना हे अपुरे वाटले. पहाटेचा तारा आणि सायंकाळचा तारा ही एकाच शुक्राची दोन नावे. तरी ते दोन तारे एकच आहेत हे कळण्यास ज्योतिषशास्त्राची गरज पडली. म्हणून दाखविलेल्या वस्तूखेरीज नावाला काही आशयही असतो, असे त्यांनी 1892 मध्ये मांडले. पुढे अनेकांनी नाव म्हणजे संक्षिप्त वर्णनच, असे मानले.

या मताला सॉल क्रिप्के यांनी 1970 मध्ये प्रिन्स्टन येथील तीन व्याख्यानांत धक्का दिला. कोलंबसाविषयी लोक जे सांगतात त्यातील पुष्कळसे चुकीचे असते; तरी ते बोलतात कोलंबसाविषयीच. कारण आरंभी एकदा नामकरण होते आणि पुढे ते नाव एका मुखातून दुसऱ्या मुखाकडे साखळीसारखे जात राहते. त्याच साखळीला धरून आजचा बोलणारा मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो.

गोमंतकीय महाजनांना याचा दाखला दूर शोधावयास नको. जुवारीच्या तीरावरील कुशस्थळीचा देव, हे श्रीमंगेशाचे वर्णन 1560 पर्यंत खरे होते. त्या वर्षी भाविकांनी लिंग पोर्तुगीज अंमलाबाहेर अंत्रुज महालातील प्रियोळास नेले आणि ते वर्णन खोटे ठरले. नाव मात्र खोटे ठरले नाही. श्रीमहालसा वेर्ण्याहून निघाली, तेव्हा जुन्या स्थळाचे म्हार्दोळ हे नावच तिच्या मागोमाग नव्या स्थळी आले. कवळेकर आडनावाच्या मुंबईकराने कवळे पाहिलेही नसेल. आडनाव त्यामुळे निरर्थक होत नाही.

तथापि साखळी आपोआप शाबूत राहते, असेही नव्हे. गॅरेथ एव्हन्स यांनी 1973 मध्ये मादागास्करचे उदाहरण पुढे केले. ते नाव मूळ आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे. मार्को पोलोच्या गैरसमजातून ते बेटाला चिकटले. बदल करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, तरी नाव दुसऱ्याचे झाले. याचा अर्थ असा की, आरंभीचा संकेत कितीही पवित्र असला तरी पुढील प्रत्येक पिढीचा जाणता व्यवहार त्याला लागतो.

देवळाची वास्तू जीर्ण झाली तर निधी जमवून जीर्णोद्धार करता येतो. कुळाचे मूळ गाव, कुलदेवतेचे मूळ स्थान, वाड्यांची, तळ्यांची नावे एकदा विस्मृतीत गेली, तर ती परत घडवून देणारा कुंभार नाही. म्हणून जत्रेला मुलानातवंडांना घेऊन येणाऱ्या महाजनाने पालखी दाखवावी, प्रसाद द्यावा आणि घटकाभर त्यांना जवळ बसवून ही नावे, ती कोठून आली यासह, एकदा सांगावीत. बारशाच्या दिवशी कानात सांगण्यास प्रारंभ झालेले काम अशाने पुढे चालते.