राणीच्या बागेतला दगडी हत्ती

रविवार उजाडला की आम्हा उपनगरातल्या माणसांपुढे एकच प्रश्न असतो, जायचं कुठं? मॉलमध्ये गेलं तर खिसा हलका होतो. नातेवाइकांकडे गेलं तर त्यांचा रविवार जातो. आज मी एका स्वस्त आणि मस्त सहलीविषयी सांगणार आहे. मात्र ती करायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, हेही आधीच कबूल करतो.

मी मुंब्र्याला राहतो. जन्म मात्र भायखळ्याचा. अब्बा साताऱ्याकडून आले आणि गिरणीत लागले. राणीची बाग आमच्या खोलीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बा आम्हा भावंडांना तिथं न्यायचे. माकडं पाहायची, भेळ खायची आणि परत. बागेच्या दाराशीच एक देखणी इमारत आहे. मी एकदा विचारलं, "आत काय आहे?" अब्बा म्हणाले, "साहेब लोकांचं काहीतरी असेल." पायरी काही आम्ही चढलो नाही. पुढं १९८२ चा संप झाला आणि गिरणी सुटली. १९९३ च्या जानेवारीतल्या दंगलीनंतर भायखळाही सुटलं. अनेक कुटुंबांसारखे आम्हीही मुंब्र्याला आलो. अब्बा नंतर फार दिवस राहिले नाहीत.

परवा नववीतल्या मुलीला शाळेत प्रकल्प मिळाला, 'आपल्या शहरातलं संग्रहालय'. ती म्हणाली, "आपण जाऊ या, दादीलाही नेऊ." अम्मा आधी तयार होईना. "पुतळे बघायला मी कशाला? हमारा क्या है वहाँ?" भायखळ्याला जायचंय म्हटल्यावर मात्र तिनं चपला घातल्या.

मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून आम्ही सकाळची गाडी धरली. भायखळा स्टेशनही या सहलीचाच भाग समजा. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या स्थानकांपैकी ते एक. त्याची निगुतीनं डागडुजी झाली आणि २०२२ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथून पूर्वेला चालत गेलं की राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. दाराशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दोन्ही बुधवारी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. नाव राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं होतं, पण ते उभं राहिलं ते मुंबईकरांच्या वर्गणीतून. त्यासाठी खपलेल्या माणसांत एक होते गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी. गरिबांना फुकट औषध देणारे हे डॉक्टर जुने शिलालेखही वाचायचे. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढं इमारत पार मोडकळीला आली होती. काही वर्षांच्या दुरुस्तीनंतर २००८ साली ती पुन्हा उघडली. आतले कोरीव खांब, छत, सोनेरी नक्षी पाहून मुलीनं तोंडावर हातच ठेवला.

पण अम्मा रमली ती मातीच्या छोट्या बाहुल्यांपाशी. मुंबईतले जुने व्यवसाय, नाना जातीजमातींचे लोक, त्यांची पागोटी, सगळं वीतभर उंचीत. एका फेट्यापाशी ती काच धरून थांबली. "तेरे दादा ऐसाच बांधते थे," म्हणाली. मग तिनं नातीला खाली वाकवून तो फेटा दाखवला. 'हमारा क्या है वहाँ' हा प्रश्न तिनं नंतर काढला नाही.

बाहेर आलो. पेंग्विन पाहायला ही मोठी रांग, आणि संग्रहालयाच्या आवारात मात्र शांतता. इथं राजेराण्यांचे जुने पुतळे आणून ठेवले आहेत. संगमरवरी व्हिक्टोरिया आहे. १८९६ साली दामोदर चापेकरांनी डांबर फासलं ते हिलाच. तेव्हा ती फोर्टात दिमाखात बसलेली होती. घोड्यावरचा सातवा एडवर्डही आहे. ज्याच्यामुळं काळा घोडा हे नाव पडलं तो हाच. १८७९ पासून तो फोर्टात होता, १९६५ साली त्याला इथं हलवलं. त्याच्या जुन्या चौकात २०१७ पासून नवा काळा घोडा आहे, त्याच्यावर स्वार नाही. मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "अब्बा, म्हणजे यांनाही घर बदलावं लागलं?" मी म्हटलं, हो. पुढं मला काही बोलता आलं नाही.

शेवटी आम्ही हत्तीपाशी गेलो. हा दगडी हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

अम्मानं सगळी हकिकत ऐकली. मग विचारलं, "फिर इसको वापस घर नहीं ले गये?"

"नाही. जिथं आणला तिथंच उभा केला."

ती हत्तीकडे पाहत राहिली. म्हणाली, "तेरे अब्बा को भी दिखाना था."

त्या वाक्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे. अब्बा ज्याला साहेब लोकांचं समजले, ते त्यांच्यासारख्यांसाठीच उघडलं होतं. पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि बी.ए. होऊनही मी सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. पायरी कुणी अडवलेली नव्हती. आपली नाही असं आपणच धरून चाललो होतो.

परतताना भायखळ्याच्या एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा घेतला. अम्मानं ब्रून चहात बुडवून खाल्ला आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "वो हत्ती का जजीरा कितना दूर है?" गेटवेहून लाँचनं तासाभराचा रस्ता, मी म्हटलं. सोमवारी लेणी बंद असतात.

तेव्हा पुढचा रविवार ठरलेला आहे. तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल, जे म्हणत असेल की तिथं आमचं काय आहे. त्यांना एकदा घेऊन जा. वेळ आहे तोवर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)