धानाच्या बांधीतले राखणदार

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, तीन एकर धानाचा धनी. आज तुडतुड्यांविषयी बोलणार आहे, कारण २०१७ साली त्यांनी मला रडवलं.

धान निसवलेला होता. बांधीच्या मधोमध खाटेएवढा पिवळा गोल दिसला; आठवड्याभरात तो खळ्याएवढा झाला. धान उभ्या जागी करपला. बरं, मी काही हात बांधून बसलो नव्हतो. रोवणीनंतर महिन्यातच पानं गुंडाळणारी अळी दिसली म्हणून पहिला फवारा मारला होता, नंतर आणखी दोन.

चूक तिथंच झाली. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तुडतुडे उलट वाढू शकतात. फवाऱ्यानं कोळी मरतो, तुडतुड्यांची अंडी खाणारा मिरीड ढेकूण मरतो; अंडी मात्र पानाच्या आवरणात सुखरूप राहतात. पिलं बाहेर येतात ती राखणदार नसलेल्या रानात. इंडोनेशियानं हीच ठेच खाल्ली आणि १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

केनियातले छोटे शेतकरी मक्यात डेस्मोडियम आणि कडेनं नेपियर गवत लावतात. खोडकिड्याचा पतंग एकाच्या वासानं दूर जातो, दुसऱ्याकडे ओढला जातो. आपल्या चिखलात ते जमायचं नाही. पण धुऱ्यावर तूर आपण लावतोच. कोळ्यांना तिथं आसरा मिळतो.

दुसऱ्या वर्षी मी फवारा थांबवला तेव्हा घरात भांडण झालं. मंडळी म्हणाली, "कर्ज सोसायटीचं, प्रयोग कोणाच्या जिवावर?" खोटं नव्हतं ते. म्हणून रोज बुंध्याशी वाकून मोजायला लागलो. एका चुडात दहाच्या आत तुडतुडे असतील, तर पंप खाली उतरवायचा नाही. रोवताना दर दहा ओळींनंतर हातभर पट्टा मोकळा सोडला, युरियाला हात आखडला, तुडतुडे वाढताना दिसले की बांधीतलं पाणी काढलं. त्या साली फवारा लागला नाही.

खोडकिडा मात्र अजून पुरता आवरलेला नाही. गेल्या हंगामात ट्रायकोकार्ड लावले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बांधीतला फवारा वाऱ्यानं माझ्याकडे आला. त्याला तरी काय बोलणार? यंदा पंप काढण्याआधी निरोप धाडायचं त्यानं कबूल केलं आहे.