चार मिनिटं वीस सेकंद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले)



आयोजकांनी मला फोनवर सांगितलं, ‘तू रेडिओत आहेस ना, मग पंधरा मिनिटं बोल.’ मी रेडिओत आहे हे खरं, पण माझा आवाज तुम्ही रेडिओवर कधी ऐकलेला नाही आणि ऐकणारही नाही. ज्यांचा आवाज गेलेला असतो त्यांनाच तो फोनवर ऐकू येतो, तोही बहुधा रात्री. रेडिओ केंद्रांमध्ये डिजिटल ऑडिओ कन्सोल असतात, ते बिघडले की केंद्राचा माणूस फोन करतो आणि मी पुण्यात बसून त्याला सांगतो की काय कर. आमची आई लोकांना सांगायची, ‘तो रेडिओ दुरुस्त करतो.’ त्यामुळे गावी आलो की शेजारचे आपापले बिघडलेले ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. त्यातले काही मी दुरुस्तही केले आहेत.

आपल्या रत्नागिरीत आकाशवाणी केंद्र आलं १९७७ साली. मी तेव्हा बालवाडीत होतो. ११४३ किलोहर्ट्झ हा आकडा मला घराच्या नंबराआधी पाठ झाला, कारण आमच्या आजोबांनी रेडिओच्या काट्याशेजारी काचेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता आणि तो ठिपका सोडून काटा हलवायची कुणाला परवानगी नव्हती. आमच्या आळीतले मिरकरवाड्याला जाणारे खलाशी संध्याकाळी आमच्या पडवीत टेकायचे ते चहासाठी नाही, हवामानाच्या बातमीसाठी. मध्यम लहरींचा एक गुण आहे. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे त्या जमिनीपेक्षा समुद्रावरून कितीतरी लांब जातात. डोंगरापलीकडच्या गावात जो रेडिओ खरखर करतो, तो खोल समुद्रातल्या होडीवर स्वच्छ वाजतो. हे मला पुढे पुस्तकात कळलं. पडवीतल्या त्या माणसांना ते आधीपासून माहीत होतं.

सातवीत असताना आम्ही केंद्र बघायला गेलो होतो. काहींना आठवत असेल. मला निवेदक आठवत नाहीत, जाड काचेमागचं ते टेबल आठवतं. टेपची मोठी रिळं फिरत होती, मीटरचा काटा बोलण्याबरोबर नाचत होता आणि एक बाई बोटाने एक गोल बटण अगदी सावकाश फिरवत होत्या. त्या बटणातून खरोखरचा आवाज जात होता. म्हणजे मायक्रोफोनपासून निघालेली वीज तारेतून त्या बटणाखाली येई, तिथे कमीजास्त होई आणि पुढे जाई. बटण खरखरलं की उघडायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर जोडण्या हिरव्या पडतात, त्यामुळे पुसायला काम भरपूर. माझी पहिली पाच वर्षं त्यातच गेली.

आता जे टेबल असतं ते दिसायला तसंच, बटणं तशीच, पण त्यात आवाज नसतो. तुम्ही बटण सरकवता तेव्हा ते फक्त निरोप पाठवतं, ‘दोन नंबरचा माइक थोडा वाढव.’ निरोप घेणारा डबा दुसऱ्याच खोलीत, एसीमध्ये, आणि बेरीज-वजाबाकी तिथे होते. आवाजाचे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे, प्रत्येक तुकडा चोवीस बिटांचा, डावा आणि उजवा मिळून सेकंदाला तेवीस लाख चार हजार बिट. हे सगळं तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला जी निळी वायर असते तसल्याच वायरीतून पळतं. एका अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये लाइव्हवायर नावाने ही पद्धत बाजारात आणली. मग इतरांनी आपापल्या पद्धती काढल्या आणि एकाचं यंत्र दुसऱ्याशी बोलेना. शेवटी २०१३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने एईएस-६७ हे सामाईक मानक ठरवलं. तेव्हापासून भांडणं कमी झाली. संपली असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझा पगार कोण देईल?

येणाऱ्या तक्रारींतली मोठी तक्रार म्हणजे ‘टक् टक्’. दोन यंत्रांची घड्याळं जुळली नाहीत की ती होते. दहा लाखांत वीस इतका जरी फरक असला, तरी सेकंदाला जवळजवळ एक तुकडा जास्त होतो किंवा कमी पडतो, आणि तो सांधा कानाला टोचतो. त्यामुळे सगळ्या यंत्रांनी एकाच घड्याळाकडे बघायचं असतं. दुसरी मोठी तक्रार उंदीर. तिच्यावर मानक निघालेलं नाही.

आता ज्यासाठी मी खरं उभा राहिलो ते सांगतो. समोर आपले विज्ञानाचे सर बसले आहेत, म्हणून जरा अवघड वाटतंय.

सर आपल्याला प्रयोगवही लिहायला लावायचे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण सगळे काय करायचो? गाइडमधून आधी अनुमान उतरवायचो आणि मग त्याला शोभेल असं निरीक्षण पाठीमागून लिहायचो. नववीत लंबकाच्या प्रयोगात माझे सगळे आकडे इतके छान आले की सरांनी वही हातात घेतली, वर्गातलं लंबकाचं बूड दाखवलं आणि विचारलं, ‘दोरा तुटलाय रे कालपासून, तू मोजलंस कशावर?’ पान फाडलं. वर्ग हसला. मीही हसलो.

मध्ये बरीच वर्षं जाऊ द्या. समुद्रकाठच्या एका गावातलं लहान केंद्र. कुठलं ते सांगणार नाही, आपलं नव्हे एवढं नक्की. रात्री नवाच्या सुमाराला फोन आला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, मच्छीमारांनी परत यावं अशा सूचना दर अर्ध्या तासाने द्यायच्या होत्या, आणि कन्सोलचा आवाज जात होता. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं तेव्हा अशा सूचनांची किंमत काय असते, हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही.

फोनवर एक तरुण मुलगा होता. कंत्राटावरचा, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं. तो म्हणाला, ‘सर, यंत्र बंद करून चालू केलं की आवाज येतो. मग चार मिनिटं वीस सेकंदांनी जातो. दर वेळी तेवढ्यानेच.’

मी म्हणालो, ‘घड्याळ राहू दे. आधी इंजिन रीस्टार्ट कर.’

त्याने केलं. आवाज आला, गेला. मी म्हणालो, पॉवर सप्लाय बघ. मग म्हणालो, कार्ड काढून पुन्हा बसव. मग सुटा डबा काढून लावायला सांगितला. माझं अनुमान तयार होतं, डबा गरम होतोय. त्याआधीच्या महिन्यात दुसऱ्या एका केंद्रात तसंच झालेलं होतं. त्याने मध्ये दोनदा ‘चार वीस’ म्हटलं आणि दोन्ही वेळा मी त्याचं बोलणं तोडलं. पावणेदोन तास असे गेले. माझं जेवण ताटात निवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या मुलाचा रागच आला होता.

साडेदहाच्या सूचनेच्या वेळी तो म्हणाला, ‘सर, थांबा हं.’ आणि फोन बाजूला ठेवला. मला पलीकडून निवेदकाचा आवाज ऐकू येत होता. मध्येच की-बोर्डचा खटका आणि सूचना पुढे चालू. तो परत आल्यावर मी विचारलं, काय केलंस? तर म्हणाला, ‘आउटपुटवर प्रोग्रॅम काढून पुन्हा निवडला की रीस्टार्ट न करताही चार वीस मिळतात. मी नवापासून घड्याळ बघून तेच करतोय. तुम्ही डबा बदलायला सांगितला तेवढी एक सूचना चुकली.’

मी पेन घेतलं आणि त्याच्याकडून वेळा विचारून लिहून काढल्या. चार वीस, चार वीस, चार वीस. तापलेलं यंत्र असं मोजून मापून बंद पडत नाही. चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे दोनशे साठ सेकंद. नेटवर्कचं काम करणाऱ्याला हा आकडा झोपेतसुद्धा ओळखता यावा.

सोपं करून सांगतो. नेटवर्कमधला स्विच हा पेपरवाल्यासारखा असतो. ज्या घराने मागितला त्याच घरी पेपर टाकतो. पण एकदा मागितलं म्हणून जन्मभर टाकत नाही. कुणीतरी एकाने दर एकशे पंचवीस सेकंदांनी हाक मारायची असते, ‘कुणाकुणाला अजून हवाय?’ आणि घरांनी ओ द्यायची असते. दोन हाका होतील एवढा वेळ आणि वर दहा सेकंद वाट बघून ओ आली नाही, तर स्विच ते घर यादीतून काढतो. एकशे पंचवीस दुणे अडीचशे आणि दहा. आता हाक मारणाराच नसेल तर? घरं ओ कशाला देतील? यंत्र सुरू होताना स्वतःहून एकदा मागतं, म्हणून आवाज येतो. दोनशे साठ सेकंदांनी यादीतून नाव जातं, म्हणून आवाज जातो. बिघाड कशातच नसतो. सगळे दिवे हिरवे असतात.

मग मी त्याला तो प्रश्न विचारला जो नऊ वाजता विचारायचा असतो, ‘गेल्या आठवड्यात काही बदललंत का?’

‘परवा मुख्य स्विच जळला होता, सर. नवीन लावलाय.’

हाक मारायचं काम जुन्या स्विचकडे होतं. नव्यात ते कुणी सुरू केलं नव्हतं. एक ओळ लिहायची होती. दोन मिनिटं लागली.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला कौतुकाने सांगितली असती, आणि इतके दिवस तशीच सांगत होतो. पण दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा असतो. मी लिहिलं की ‘स्विच बदलल्याची माहिती केंद्रातील कर्मचाऱ्याने वेळेवर दिली नाही, त्यामुळे निदानास विलंब झाला.’ यात एक शब्द खोटा नाही. त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हे मात्र त्यात नव्हतं. एक सूचना चुकली होती, तिचा जाब कुणालातरी द्यावाच लागणार होता. त्या महिन्यात त्याचं कंत्राट वाढवलं नाही.

मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही चुकून. दुसऱ्याच कामासाठी त्या केंद्रात फोन केला तर तो उचलला दुसऱ्याने. त्या रात्री मला सरांनी फाडलेलं पान आठवलं. हे मी भाषणासाठी रचून सांगत नाही. अनुमान आधी लिहून निरीक्षण त्यावर बसवायचं, हे मी चाळिशी उलटल्यावर, पगार घेऊन, पुन्हा केलं होतं. आणि या वेळी पान दुसऱ्याचं फाटलं होतं.

मी दुसरा अहवाल लिहिला. वेळांसकट. नऊ वाजता त्याने मला आकडा सांगितला, मी तो तीनदा बाजूला सारला, डबा बदलायला मी सांगितला आणि सूचना त्या वेळी चुकली, बाकीच्या सूचना त्याने स्वतःच्या डोक्याने चालू ठेवल्या. आमच्या वरिष्ठांना तो आवडला नाही. ते म्हणाले, ‘एवढं कबूल करायची काय गरज होती? ग्राहक आहेत ते.’ मी म्हणालो, पाठवलाय. त्याला परत घेतलं, पण दोन महिन्यांनी. त्या दोन महिन्यांत त्याने काय केलं ते मी त्याला विचारलेलं नाही. हिंमत झाली नाही. आता तो तिथला जुना माणूस आहे आणि फोन करतो तेव्हा पहिल्या वाक्यात घड्याळाची वेळ सांगतो. मी लिहून घेतो आणि मगच बोलतो.

आमच्याकडे नवीन मुलं येतात. हुशार आहेत, माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त येतं त्यांना. त्यांना मी एक फॉर्म देतो. कंपनीचा नाही, माझा. त्यात वर निरीक्षणाची जागा मोठी आहे आणि पलीकडच्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आहेत, मग ते कितीही अडाणी वाटोत. अनुमानाची जागा पानाच्या मागे आहे. ती मुलं हसतात. एकाने विचारलं, सर, हा फॉर्म कुठल्या मानकात बसतो? मी म्हटलं, रत्नागिरी, इयत्ता नववी.

आता मघाशी हा माइक दोनदा शिट्टी वाजवून गेला तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. मी उठलो नाही, कारण ते मांडववाले काका काय करतायत ते मला बघायचं होतं. त्यांनी कर्णा भिंतीकडे वळवला. बरोबर केलं त्यांनी.

सर, लंबकाचे आकडे मी खरंच कशावरही मोजले नव्हते. नमस्कार.