जुन्या मोटारीचे जीर्ण सांधे

मोठें यंत्र बहुधा मोठ्या कारणानें बंद पडत नाहीं. पोलादी दंड मोडणें किंवा दंतचक्र फुटणें हे प्रकार क्वचित् घडतात. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या पितळी टोंकावर मळाचा पातळ थर बसतो, आणि साठ घोड्यांच्या बळाचें यंत्र रस्त्याच्या मधोमध निपचित पडतें. असा प्रसंग नव्या मोटारीपेक्षां पंचवीस वर्षें वापरलेल्या मोटारीवर अधिक येतो. त्यांतूनहि ती मोटार थोड्या संख्येनें निघालेली, हौशी लोकांनीं घेतलेली आणि वेगवान् जातीची असली, तर तिच्या मालकापुढें केवळ दुरुस्तीचा प्रश्न नसतो. मोटार राखावी कीं मोडींत काढावी, हा प्रश्न असतो. तो लहानसा पितळी सांधा, त्याचा क्षय आणि त्याची पुनर्घटना, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्राच्या शेजारीं, गोमंतकांत, अशा एका मोटारीचा जन्म झाला. सान मोटर्स या कंपनीनें १९९८ मध्यें ‘सान स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची छोटी स्पोर्ट्स मोटार पुढें आणली. तिचा आराखडा फ्रान्समधील ल मां ग्रुपनें तयार केला होता. तिचें अंग फायबरग्लासचें आणि यंत्र रेनो कंपनीचें होतें. ११४९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. या मोटारी फार निघाल्या नाहींत, आणि आतां त्यांचें उत्पादन बंद आहे. फायबरग्लासला गंज चढत नाहीं. यंत्र त्याच जातीच्या अनेक लहान युरोपीय मोटारींत बसविलेलें असल्यामुळें त्याचे भाग शोधल्यास सांपडतात. म्हणजे अशा मोटारीला म्हातारपण येतें तें अंगावरून किंवा हृदयावरून नव्हे, तर तिच्या मज्जातंतूंवरून, म्हणजे वायरिंगवरून. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, लोखंडी अंगाच्या मोटारींत विजेच्या परतीच्या प्रवासास मोटारीचें अंगच उपयोगीं पडतें. फायबरग्लास वीजवाहक नसल्यामुळें तेथें परतीची वाटहि तारेनेंच करावी लागते. जितक्या तारा अधिक, तितके सांधे अधिक.

पूर्वींच्या मोटारींत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. नळ्या, तोट्या आणि एक तरंगता डबा एवढ्यावर त्याचा कारभार चाले. मिस्त्रीनें स्क्रू अर्धा फेरा फिरवावा, कान देऊन ऐकावें, आणि यंत्र मार्गीं लागावें. पुढें धुराविषयींचे निर्बंध कडक होत गेले, १ एप्रिल २००० पासून नव्या मोटारींना देशभर नवी मर्यादा लागू झाली, आणि कार्ब्युरेटरची जागा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांनीं घेतली. किती पेट्रोल फवारावें आणि ठिणगी केव्हां टाकावी, हें ठरविण्याचें काम एका बंद पेटींतील संगणकाकडे आलें. परंतु हा संगणक जन्मांध आहे. त्याला जें कांहीं कळतें, तें संवेदकांकडून, म्हणजे कारागीर ज्यांना सेन्सर म्हणतात त्यांच्याकडून कळतें. एक संवेदक फ्लायव्हीलच्या दांत्यांजवळ बसून यंत्राचे फेरे मोजतो. दुसरा थंडाव्यासाठीं फिरणाऱ्या पाण्याचें तपमान सांगतो. तिसरा आंत येणाऱ्या हवेचा दाब कळवितो, चौथा थ्रॉटल किती उघडलें आहे तें पाहतो, आणि पांचवा जळून गेलेल्या वायूंत प्राणवायु किती उरला याची वार्ता देतो. प्रत्येकाच्या मुखाशीं प्लास्टिकचा एक जोड असतो. बाजारांत त्याला कपलर म्हणतात. त्यांत एका बाजूस पिन, दुसऱ्या बाजूस तिला चिमट्याप्रमाणें घट्ट धरणारें टर्मिनल, भोंवतीं रबराची कडी आणि वर अडकविण्याची जिभली असते.

या कपलरचे शत्रु तीन: उष्णता, पाणी आणि कंप. भंडारा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॉनेटखालीं धुराड्याजवळची हवा त्याच्या दुपटीहून अधिक तापते. अशीं पंचवीस उन्हाळीं सोसल्यावर प्लास्टिक खडूसारखें ठिसूळ होतें, जिभली हात लावतांच मोडते, आणि रबराची कडी आपली लवचिकता सोडून कडक होते. मग पावसाळ्यांत पाण्याला वाट मिळते. कोंकणपट्टींत त्या पाण्यांत समुद्राचा खारटपणा मिसळलेला असतो. तांब्याच्या बारीक तारांच्या जुडग्यांत पाणी केशाकर्षणानें चढतें, आणि बाहेरून धड दिसणाऱ्या वायरींत हातभर अंतरापर्यंत हिरवा गंज पसरतो.

तिसरा शत्रु सर्वांत छुपा आहे. यंत्राच्या प्रत्येक कंपाबरोबर पिन टर्मिनलमध्यें केंसाच्या जाडीहूनहि कमी अंतर पुढें-मागें सरकत असते. पिनेवर कथलाचा मुलामा असतो. घर्षणानें त्याचा कण उघडा पडतो, प्राणवायूशीं संयोग पावतो, आणि त्याची काळसर पूड होते. ही पूड वीजरोधक आहे. दिव्याच्या वायरींतून कित्येक अँपिअरचा प्रवाह वाहतो. तो असला पातळ अडसर भेदून जाऊं शकतो. संवेदकाच्या वायरींतील प्रवाह मात्र अँपिअरच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशेबांत मोजावा लागतो. त्याला हा अडसर भेदण्याचें बळ नसतें. म्हणूनच एकाच मोटारींत तितकेच मळलेले दिवे झगझगीत पेटतात आणि संवेदक मुका होतो.

संवेदक मुका झाला तर संगणकाला तें कळतें व तो सूचनेचा दिवा लावतो. खरा घात होतो तो संवेदक अर्धवट बोलूं लागला म्हणजे. पाण्याचें तपमान सांगणारा संवेदक हें याचें उत्तम उदाहरण आहे. पाणी तापूं लागलें कीं त्याचा विद्युत्-रोध कमी होतो. एका प्रचलित जातीच्या संवेदकांत तो ८० अंशांस सुमारें ३२० ओहम आणि ६० अंशांस सुमारें ६०० ओहम असतो. कपलरच्या मळलेल्या पिनेनें आपल्याकडून २८० ओहमांची भर घातली, तर पाणी ८० अंश तापलेलें असतांनाहि संगणकास तें ६० अंशच वाटतें. यंत्र अजून थंड आहे अशा समजुतीनें तो अधिक पेट्रोल फवारतो. पेट्रोल अधिक जळतें, धूर काळा येतो, ठिणगीचे प्लग काजळतात. आणि कोणताहि दिवा लागत नाहीं, कारण ६० अंश हा आंकडा अशक्य कोटींतील नाहीं.

येथें घाईचा कारागीर नवा संवेदक बसवितो. जुना कपलर काढतांना व घालतांना पिना एकमेकींवर घासल्या जातात, मळ थोडा बाजूस होतो, आणि मोटार सुरळीत चालते. कारागिराची खात्री पटते कीं संवेदकच नासला होता. महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते, आणि मग इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, शेवटीं संगणकाची पेटी असा खर्च चढत जातो. दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण या प्रकाराला जितकी लागू पडते तितकी क्वचित् दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. दुर्मिळ मोटारींचा अंत पुष्कळदां असाच होतो. भाग मिळत नाहींत म्हणून नव्हे, तर दोष सांपडत नाहीं म्हणून.

परीक्षेचा क्रम साधा आहे. यंत्र मंद गतीनें चालूं ठेवावें आणि, पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून, एकेक कपलर व त्याची वायर हलकेच हलवावी. एखाद्या ठिकाणीं यंत्र अडखळलें तर दोषाचें घर तेथेंच आहे. मग यंत्र बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि कपलर उघडून उजेडांत पाहावा. हिरवी किंवा काळी पूड, पिवळें पडलेलें प्लास्टिक, आंत सरकलेली पिन, हीं लक्षणें डोळ्यांनाच दिसतात. न दिसणारें लक्षण म्हणजे टर्मिनलची सैल पकड. त्याच मापाची एक सुटी पिन टर्मिनलमध्यें घालून ओढून पाहावी; ती थोड्या जोरानेंच निघाली पाहिजे. शेवटीं मल्टिमीटरनें प्रत्यक्ष संवेदकाचा रोध मोजावा, आणि संगणकाची पेटी सोडवून तोच रोध तिच्याकडील टोंकाशीं, कपलर जोडून, मोजावा. या दोन मापांत एखाद्या ओहमपेक्षां अधिक फरक निघाला, तर अपराधी संवेदक नव्हे. वायर किंवा सांधा आहे.

मळ किरकोळ असेल तर विजेचे सांधे धुण्याचें द्रावण पुरतें. काचकागदानें पिन घासणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. मुलाम्याची जाडी कांहीं मायक्रॉनच असते, तो गेला कीं खालचें पितळ उघडें पडतें आणि रोग दुणावतो. टर्मिनलची पकड गेली असेल किंवा प्लास्टिक फुटलें असेल, तर कपलर बदलणें हाच उपाय. सुदैवानें कपलर सहसा एकाच मोटारीकरितां बनत नाहींत. थोड्याशा कंपन्या ते ठराविक घराण्यांत बनवितात. ‘ज्युनिअर पॉवर टायमर’ जातीचा जोड कित्येक देशांच्या मोटारींत इंजेक्टरांवर व संवेदकांवर आढळतो. म्हणून मोटारीचें नांव घेऊन दुकानें पालथीं घालण्यापेक्षां पिनेची रुंदी, पिनांची संख्या आणि खांचेची घडण हीं पाहून शोध करावा. एक पथ्य पाळावें: ज्या पिनेवर कथील आहे तिला कथलाचेंच टर्मिनल द्यावें. सोन्याचा मुलामा श्रेष्ठ खरा, पण सोनें आणि कथील यांची जोडी जमत नाहीं. त्या संगतींत कथील लवकर झिजतें.

बदलण्यापूर्वीं प्रत्येक वायरीचा रंग व जागा यांचें छायाचित्र घ्यावें. जुनी वायर तांबें लखलखीत दिसेपर्यंत मागें कापावी. काळवंडलेल्या तांब्यावर केलेला सांधा टिकत नाहीं. नवा तुकडा जोडावा लागला, तर सर्व सांधे एका रेषेंत न ठेवतां मागें-पुढें ठेवावेत, म्हणजे वायरींची जुडी एका जागीं फुगत नाहीं व सांधे एकमेकांस भिडत नाहींत. रबराची लहान कडी वायरींत आधीं ओंवावी. ती विसरली तर सारें काम पुन्हा करावें लागतें. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. एक उघड्या तांब्याला आवळते. दुसरी वायरीच्या आवरणाला, रबराच्या कडीसह, धरून ताण सोसते. या दोन्ही जोड्या योग्य मापाच्या क्रिम्पिंगच्या पकडीनें दाबाव्यात. साध्या पकडीनें चेपलेला सांधा आंतून पोकळ राहतो. त्यावर डाग देण्याचा मोह टाळावा. डाग तारांच्या जुडग्यांत वर चढतो, वायर तेवढ्या भागांत ताठ होते, आणि कंपानें नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. दाबलेलें टर्मिनल ओढून पाहावें, कपलरमध्यें ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत सारावें, आणि पुन्हा ओढून पाहावें. मधल्या सांध्यांवर आंतून गोंद असलेली, उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. वायर कपलरपाशीं येण्यापूर्वीं थोडी खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी कपलरकडे न जातां तेथूनच टपकतें.

दोन संवेदकांना विशेष नियम आहेत. फ्लायव्हीलजवळच्या संवेदकाचा संदेश फार क्षीण असतो. त्याच्या दोन वायरींना दिलेला पीळ व भोंवतालचें जाळीदार आवरण तसेंच राखावें लागतें. आणि त्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगीची वेळ चुकते किंवा यंत्र मुळींच सुरू होत नाहीं. प्राणवायूचा संवेदक, निदान त्याची जुनी प्रचलित जात, तुलनेसाठीं लागणारी बाहेरची हवा आपल्याच वायरींच्या तारांमधून ओढून घेते. तेथें डाग दिला किंवा वंगण भरलें, तर त्याचा श्वासच कोंडतो.

हें सारें काम अर्ध्या दिवसाचें, आणि खर्च बहुधा नव्या संवेदकाहून कमी. पण त्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर ५ वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि धुराची तपासणी तर कोणालाच चुकत नाहीं. काळ्या धुरापायीं नापास झालेली जुनी मोटार मोडीच्या वाटेला लागते. आणि जी पुन्हा बनणार नाहीं, तिची मोड कायमची असते.

नागपूर-भंडारा मार्गाजवळील जवाहरनगर ही वसाहत आयुध निर्माणीभोंवतीं वसली. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांत धातूचें पात्र तारेनें जमिनीशीं जोडून ठेवण्याचा दंडक असतो, कारण साचलेल्या विजेची एक ठिणगी अनर्थास पुरते. अशा ठिकाणच्या कामगाराला सैल सांध्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. मोटारीच्या कामांत धोका तेवढा मोठा नसला, तरी शिस्त तीच आहे: अनुमान करण्यापूर्वीं मोजावें, बदलण्यापूर्वीं पाहावें, आणि जो भाग डोळ्यांआड राहणार आहे तो अधिक नेटका करावा. मे महिन्याच्या दुपारीं, सावली नसलेल्या रस्त्यावर, मोटार निमूटपणें पुढें जात राहते ती याच शिस्तीमुळें.