ठरावाने तळे खुले होत नाही
(विहारातील सभेत एका वकिलाने दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी नगरपालिका हा विषय निवडला आहे. हा विषय आपल्या सभांतून क्वचितच निघतो. लोकसभेची निवडणूक आली की वस्तीत सभा भरतात, घटनेवर व्याख्याने होतात, देशाच्या राज्यकारभाराचा खल होतो. परंतु आपल्या दारातील नळाला पाणी यावयाचे की नाही, गटार बांधावयाचे ते आपल्या वस्तीपर्यंत आणावयाचे की अलीकडच्या वळणावरच थांबवावयाचे, स्मशानभूमीचा रस्ता पक्का करावयाचा की नाही, या गोष्टी दिल्लीस ठरत नाहीत. त्या गावातील नगरपालिकेच्या सभागृहात ठरतात. त्या सभागृहाकडे आपण पाठ फिरवून बसलो, तर आपल्या नावाने मंजूर झालेले पाणी दुसऱ्याच्या शेतात जाईल, यात नवल ते काय?

नगरपालिका काय देऊ शकते व दिलेले कसे काढून घेऊ शकते, याचे आपल्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु त्या सत्याग्रहाच्या मागे नगरपालिकेचा एक ठराव होता, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो आज करू.

१९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील तळे अस्पृश्यांस खुले करण्यास हरकत नाही, असा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. परंतु तीन वर्षे लोटली तरी एकाही अस्पृश्याचा हात त्या पाण्यास लागला नाही. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हे धोरण अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. तरीही महाडात काही हलले नाही. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांच्या पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. बंधूंनो, ज्या गावाच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे लिहून ठेवले होते, त्याच गावात पाणी विकत घ्यावे लागले, हे ध्यानात ठेवा.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यांच्यामागून हजारो लोकांनी ओंजळी भरल्या. ठरावास जे तीन वर्षांत साधले नाही, ते लोकांच्या पावलांनी एका दिवसात साधले. पुढे काय झाले? लोकांवर लाठ्या पडल्या, पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच महाड नगरपालिकेने आपला १९२४ सालचा ठराव रद्द केला.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. एका संस्थेने दिलेला हक्क त्याच संस्थेस इतक्या सहजतेने परत कसा घेता आला? सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे नगरपालिकेतील न्यायी वृत्तीचे गृहस्थ अस्पृश्यांच्या बाजूने उभे होते. तेव्हा चांगल्या माणसांची उणीव हे त्याचे कारण नव्हे. त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर व करावर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी तळे खुले केले, त्यांची मते त्या सभागृहास नको होती, कारण ती मते जवळजवळ नव्हतीच. ज्यास मताची भीती नाही, तो ठराव करतोही सहज आणि मोडतोही सहज. दान देणाऱ्याची लहर फिरली की दान संपते. हक्काचे तसे नाही, पण हक्क राखण्यासाठी हक्कदार त्या ठिकाणी हजर असावा लागतो.

महाडचा निकाल शेवटी न्यायालयात लागला. डिसेंबर १९२७ मध्ये तळे आपल्या खाजगी वहिवाटीचे आहे असा दावा स्पृश्यांनी दाखल केला व तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी त्या हुकुमाचा मान राखून दुसरा सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात चालविला. १९३१ साली महाडच्या न्यायालयात, १९३३ साली ठाण्याच्या अपिलात आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात वादी हरले. अनादी कालापासून चालत आलेली वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. ठराव १९२४ चा आणि अंतिम न्याय १९३७ चा. तेरा वर्षे! म्हणून वकील असूनही मी तुम्हांस सांगतो, की न्यायालयाची वाट ही शेवटची वाट आहे. पहिली वाट नगरपालिकेच्या दारातून जाते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. महाडच्या अस्पृश्यांपाशी जे नव्हते, ते आपणांपाशी आहे. घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, त्यांची मुदत पाच वर्षांची ठरविली, अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या व त्यांतील एक तृतीयांश जागा त्याच समाजातील स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचा हा वाटा निम्म्यावर नेलेला आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे अठरा विषय दिले आहेत. त्यांत रस्ते व पूल आहेत, पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे आणि स्मशानेही आहेत. म्हणजे जन्मल्या दिवशीच्या पाण्यापासून अखेरच्या वाटेपर्यंत सर्व काही तेथे आहे.

परंतु घटनेत लिहिले म्हणून आपोआप घडते, असे समजू नका. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटना सांगते. २००६ साली किशनसिंग तोमर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ते ठासून सांगितले. तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिकांतही वर्षानुवर्षे प्रशासक बसले व त्यांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्या मधल्या काळात रस्ते झाले नाहीत काय? झाले. ठेकेदारांची देयके निघाली नाहीत काय? निघाली. फक्त त्यांविषयी सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा तुमचा प्रतिनिधी तेथे नव्हता. ठराव महाडचा असो की घटनेचा, त्यावर पहारा ठेवणारे लोक नसतील तर तो कागद होऊन बसतो.

हा पहारा कसा ठेवावा, हे आता नेमकेपणाने सांगतो.

पहिला पहारा निवडणुकीपूर्वीचा. प्रभागांची रचना व मतदारयाद्या प्रथम प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध होतात आणि त्यांवर हरकती व सूचना मागविल्या जातात. एखादी वस्ती दोन प्रभागांत चिरली गेली, एखाद्या गल्लीची नावे दुसऱ्याच यादीत गेली, तर हरकत घेण्याची वेळ तीच. मतदानाच्या दिवशी ‘आमचे नाव नाही’ म्हणून आकांत करून उपयोग होत नाही. प्रभागरचना व निवडणूक यांत मागाहून न्यायालयास सहसा हात घालता येत नाही, कारण घटनेनेच तो दरवाजा अरुंद ठेवला आहे. निवडणुकीविरुद्ध अर्ज करावयाचा तर नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे निकाल प्रसिद्ध झाल्यापासून अवघे दहा दिवस मिळतात. झोपेत दहा दिवस जाण्यास किती वेळ लागतो?

अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांस येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. एकेकाळी धर्मांतर केलेल्या माणसास राखीव जागेवर उभे राहता येत नसे. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बौद्ध झालेल्या प्रतिनिधीची राखीव जागेवरील निवड टिकू दिली नाही. धम्म की राखीव जागा, असा पेच समाजापुढे तेव्हा होता. १९९० च्या कायद्याने तो पेच सुटला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. यास्तव राखीव जागेसाठी आपला धम्म लपविण्याचे काहीएक कारण उरलेले नाही. मात्र जातीचे प्रमाणपत्र व जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दाखल झाले नाही, तर जिंकलेली जागाही हातची जाते. मते लोकांनी द्यावीत आणि जागा एका कागदावाचून जावी, यासारखे दुर्दैव नाही.

दुसरा पहारा निवडणुकीनंतरचा, आणि तोच खरा. प्रत्येक कामास एक अंदाजपत्रक असते. त्यास मंजुरी मिळते, निविदा निघते, ठेकेदारास कार्यादेश दिला जातो, झालेले काम मोजमाप पुस्तिकेत लिहिले जाते व त्यावरून देयक निघते. हे सर्व कागद २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने मागता येतात. अर्जास दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. इतकेच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचा हक्कही त्याच कायद्याने नागरिकास दिला आहे. किती जणांस हे ठाऊक आहे?

माझ्याकडे एका वस्तीतील काही भगिनी आल्या होत्या. त्यांच्या गल्लीत गटार अर्धेच झाले होते आणि ‘निधी संपला’ असे त्यांना सांगण्यात आले होते. मी त्यांना मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावयास सांगितले. प्रत आली. त्यांनी दोरीने गटार मोजले. पुस्तिकेतील लांबी दोरीत भरेना. मग त्यांनी ती दोरी व तो कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांची भेट घेतली. भांडण झाले नाही, मोर्चा निघाला नाही. पावसाळ्यापूर्वी गटार पुरे झाले. त्या भगिनींपैकी दोघींनाच वाचता येत होते. म्हणजे दोन वाचणाऱ्या आणि एक दोरी, एवढ्यावर काम भागले.

उलट आपण काय करतो? मतदानाच्या आठवड्यात वस्तीत खडीचे दोन ट्रक येऊन पडतात आणि आपण समजतो, की काम झाले. ती खडी आपल्याच कराची आहे, हे विसरून आपण देणाऱ्याचे आभार मानतो. कोणी रात्री पाकीट देतो व पाच वर्षांचे पाणी एका रात्रीत विकले जाते. महाडच्या लोकांनी चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले, कारण त्यांना दुसरा उपाय नव्हता. आपणांस उपाय असताना आपण आपले पाणी विकावे काय?

राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या माणसालाही हाच नियम लावा. तो आपल्या समाजाचा आहे एवढ्याने पहारा उठवू नका. तो सभेस हजर असतो काय? वस्तीसाठी राखलेला निधी वस्तीतच खर्च होतो काय? निवडून आलेली भगिनी स्वतः बोलते, की तिच्या खुर्चीमागून तिचा नवरा बोलतो? हे प्रश्न विचारणे म्हणजे फूट पाडणे नव्हे. विचारपूस होत राहिली, तरच प्रतिनिधी ताठ उभा राहतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. तीत आपल्या प्रभागातील प्रत्येक काम, त्याची मंजूर रक्कम, ठेकेदार, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख लिहावी. ती वही महिन्यातून एकदा विहारात सर्वांसमोर वाचावी आणि वाचण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावे. दर वर्षी अंदाजपत्रक ठरण्याच्या वेळी वस्तीच्या मागण्यांचा लेखी अर्ज नगरपालिकेत देऊन त्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

महाडचे तळे नगरपालिकेच्या ठरावाने खुले झाले नाही आणि तिने ठराव रद्द केल्याने कायमचे बंदही झाले नाही. तेथे जाऊन उभे राहणाऱ्यांनी ते खुले केले. आपल्या नगरपालिकेचे दारही तसेच आहे. कायद्याने ते उघडे आहे, पण आत पाऊल आपणच टाकले पाहिजे.

जय भीम!