घरी शिकता येणारे कचेरीचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरी राहून शिकता येईल अशा एखाद्या व्यवसायाविषयी मी आज चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. शिवणकाम, पापड-लोणची, शिकवण्या यांविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी समोरच बसल्या आहेत. मला ठाऊक आहे ते एकच काम, वकिलाच्या कचेरीतले. गेली एकोणीस वर्षे मी यवतमाळच्या एका वकिलांकडे साहाय्यक आहे. त्याआधी दोन वर्षे, मुले शाळेत गेली की दुपारच्या दोन तासांत, मी हे काम घरीच शिकत होते. तेव्हा त्याविषयीच सांगते.

वकिलाकडे काम करते म्हटले की शेजारणी विचारतात, "म्हणजे तुम्ही कोर्टात भांडता का हो?" नाही. भांडायचे ते वकील. मी पेशीच्या तारखा सांभाळते, दाव्याचे व जबाबाचे मसुदे टंकलिखित करते, कागदपत्रांची यादी लावते, नकलेचे अर्ज देते, सकाळी न्यायालयाचा बोर्ड पाहून कोणते प्रकरण कोठे आहे ते सांगते. यातले निम्मे काम घरच्या हिशेबाच्या वहीसारखे आहे. जिला महिन्याचा किराणा चोख लिहिता येतो तिला ते जमते. उरलेले निम्मे मात्र वाचण्याचे आहे, आणि आज मला बोलायचे आहे ते त्या वाचण्याविषयी.

चार वर्षांपूर्वी केळापूर तालुक्यातली एक बाई कचेरीत आली. तिची परवानगी घेऊन, नाव-गाव गाळून ही हकीकत सांगते. पदरी दोन मुली, नवरा वर्षापूर्वी गेलेला. पाच एकर कोरडवाहू शेत. सातबारावर अजून सासऱ्यांचेच नाव, आणि सासरे तर नवऱ्याच्याही आधी वारलेले. दिराने सांगितले होते की, वारस लावण्यासाठी तुझी सही हवी, सोमवारी पांढरकवड्याला ये. तिचा प्रश्न एवढाच होता, की सही चालेल की अंगठा लागेल? वकीलसाहेब न्यायालयात होते. मी तिच्या पिशवीतला कागद मागून घेतला आणि वाचला. वारस नोंदीच्या अर्जाचा त्यात मागमूस नव्हता. ते हक्कसोडपत्र होते.

बाई चार यत्ता शिकलेली. तिला अक्षरे वाचता येत होती, पण कागद वाचता येत नव्हता. या दोहोंत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी नीट दिसले. वकीलसाहेब आल्यावर त्यांनी तिला समजावले, की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या वाट्यात विधवा, मुलगे, मुली आणि असल्यास नवऱ्याची आई या सर्वांना सारखा हिस्सा मिळतो. तिने सही केली नाही. सातबारावर तिचे व दोन्ही मुलींचे नाव चढले. वाटणीचा दावा मात्र अजून चालू आहे, आणि दीर रस्त्यात भेटला तरी बोलत नाही. सारे गोड झाले असे मी सांगणार नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कागदाचा नसून पोटाचा आहे. कापसाच्या या मुलखात कर्ता पुरुष कर्जापायी जीव देतो, आणि पाठोपाठ घरातल्या बाईच्या हाती कागदांचा गठ्ठा येतो: मृत्यूचा दाखला, शवचिकित्सेचा अहवाल, पंचनामा, बँकेचा किंवा सोसायटीचा कर्जाचा उतारा, सातबारा. शासनाची एक लाखाची मदत या कागदांवर ठरते. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, एवढ्यावर प्रकरण पात्र की अपात्र हे ठरून जाते. दुःखाचे दिवस संपण्याआधीच कागदांची धावपळ सुरू होते. त्या वेळी शेजारच्या घरात कागद समजणारी एक बाई असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

आता शिकावे कसे?

सुरुवात पुस्तकाने करू नका, घरातल्या ट्रंकेने करा. सातबारा, आठ-अ, घराचा उतारा, विम्याचा कागद, बँकेचे पासबुक, सारे बाहेर काढा. एका वहीत प्रत्येक कागदाविषयी लिहा: कोणी दिला, कोणाच्या नावे, कोणत्या तारखेचा, कशासाठी. मग फेरफाराकडे वळा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यायची असते. ते नोंद धरतात, संबंधितांना नोटीस देतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफाराने नवा हक्क जन्मत नाही, तो फक्त लिहिला जातो, हेही ध्यानात ठेवा. मला हे उमजायला सहा महिने लागले होते. तुम्हांला इतके लागू नयेत.

दुसरे टंकलेखन. जिल्हा न्यायालयातल्या लिपिकाच्या जागेसाठी मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द अशी गती मागतात. खाजगी कचेरीतही तेवढी असली की मान वर करून काम मागता येते. सराव घरच्या संगणकावर होतो, परीक्षेसाठी शहरातल्या टंकलेखन संस्थेत नाव घालावे. इंग्रजी कच्चे म्हणून कोणी मागे राहू नका. १९९८ पासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' जवळ ठेवला की पुष्कळ अडचणी सुटतात.

पुस्तके घेताना मात्र सावध असा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि सासरच्या छळाचे जे कलम ४९८-अ बायकांच्या तोंडी बसले होते ते आता ८५ व ८६ झाले. पोटगीचे कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. बदलापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागते, म्हणून जुने पुस्तक रद्दीत टाकू नका. पण तेवढ्यावर विसंबूही नका.

रीतसर अभ्यासक्रम हवा असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका घरून करता येते. परंतु "घरबसल्या एल्एल.बी. करा" अशा जाहिरातीला कोणी पैसे देऊ नका. पत्रद्वारा मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे अशा एका संस्थेत चांगले वीस हजार रुपये गेले, ते परत आले नाहीत.

साहाय्यक म्हणजे कमी दर्जाचे काम, असे कोणाला वाटत असेल तर एक नाव सांगते. कॉर्नेलिया सोराबजी या आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकून १८९२ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण बाई म्हणून वकिली करता येईना. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांना 'लेडी असिस्टंट' म्हणून नेमले. पडद्यातल्या ज्या बायकांना परपुरुष वकिलासमोर बसता येत नसे, त्यांच्या इस्टेटीचे प्रश्न या बाई त्यांच्या अंतःपुरात जाऊन समजून घेत. पडदा गेला, पण बाईजवळ मन मोकळे होते ही गोष्ट अजून खरी आहे. आमच्या कचेरीत येणारी स्त्री आधी माझ्या टेबलापाशी थांबते.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे, ती भाषेची. बंजारा, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या बायका न्यायालयात येतात आणि गप्प बसतात. ज्या भगिनींना या बोली येतात त्यांनी तर हे काम जरूर शिकावे. मात्र तेथे नियमही वेगळे असतात. गोंड-कोलामांसारख्या अनुसूचित जमातींना मघाचा वारसा कायदा लागू नाही, त्यांची रूढी पाहावी लागते. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहिताला मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. पट्ट्यावर आपले नाव आहे हे ठाऊक नसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मर्यादाही सांगितली पाहिजे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली फक्त वकिलाने करायची. आपण कागद वाचून दाखवावा, मसुदा लिहावा, वाट दाखवावी. "तुमचा दावा नक्की जिंकतो" असे म्हणू नये. अशिलाचे गुपित तर नळावर किंवा भिशीत कधीच निघता कामा नये. हे बंधन वकिलाइतकेच त्याच्या कारकुनालाही कायद्याने घातलेले आहे.

पगाराचे विचाराल तर सुरुवातीला फार मिळत नाही, आणि ज्येष्ठ कारकून पुरुष असले की बाईला काही काळ केवळ झेरॉक्स काढायला पाठवतात. मलाही धाडत. नोकरी नको पण काम हवे, अशांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवकांची योजना २००९ पासून आहे. त्यात प्रशिक्षण देतात, काम केलेल्या दिवसाचे मानधन मिळते, पगार नव्हे. तेथे स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होते, हात वर करा पाहू.

येत्या बुधवारपासून दुपारी दोन ते चार मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी वही, पेन आणि घरचा सातबारा घेऊन यावे. सातबाराची झेरॉक्स आणा. जुने मूळ कागद ट्रंकेतच राहू द्या.