वेदनेचे मोल

वेदना टळावी म्हणून माणूस देवाला नवस करतो. परंतु वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने कुष्ठरोग्याचा हात पाहावा. चुलीवरचे तापलेले भांडे त्या हाताला कळत नाही. रुतलेला काटा पायाला कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत पोचते आणि बोटे झडतात. रोग बोटे खातो, असे लोक म्हणतात. वस्तुतः रोग नासवतो ते मज्जातंतू. बोटे जातात ती दुखत नाही म्हणून.

या रोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन यांनी तो हुडकला. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविता येतो. याला कृत्रिम खाद्यावर वाढविणे अद्याप साधलेले नाही. त्याची चाल विलक्षण मंद. एकाचे दोन व्हावयास सुमारे १२ ते १४ दिवस लागतात, आणि पहिला चट्टा उमटेपर्यंत सरासरी पाच, क्वचित वीस वर्षेही लोटतात. त्याची लागण सहसा औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासातून होते. बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते.

श्रोतेहो, आम्हां छत्तीसगडवासीयांना हा विषय पुस्तकी नाही. दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने २००५ च्या अखेरीस गाठले. छत्तीसगड मात्र मागे राहिले. रायपूरच्या लालपूर भागात केंद्र सरकारची कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे, ती उगीच नव्हे.

रायपूरहून हावड्याच्या लोहमार्गाने बिलासपूरच्या पुढे गेले की चांपा लागते. तेथे १९६२ साली सदाशिव गोविंद कात्रे या मराठी गृहस्थांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला. ते स्वतः याच रोगाने ग्रस्त होते. पुढे अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापटांनी चार दशकांहून अधिक काळ तो सांभाळला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले. घरच्यांनी दार लावून घेतलेल्या माणसांना तेथे नुसते अन्न नव्हे, तर काम मिळाले.

आज असा आश्रय घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये. १९८२ सालापासून प्रचारात आलेल्या संयुक्त औषधोपचाराने सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि ते सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून संसर्गाचे भय उरत नाही. रोग्यांना डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. या रोगापायी घटस्फोट मागण्याची तरतूदही २०१९ साली गेली.

मग अडते कोठे? लाजेपाशी. अंगावर फिकट वा तांबूस चट्टा उमटतो. तो खाजत नाही, दुखत नाही. तेथे स्पर्श कळत नाही. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहीत, या धास्तीने तो पदराआड वा सदऱ्याखाली झाकला जातो. औषध जंतू मारते. पण पुरता मेलेला मज्जातंतू ते जिवंत करीत नाही. लपविलेल्या वर्षांची किंमत बोटांनी मोजावी लागते.

म्हणून एवढेच ध्यानी धरावे: दुखणारा चट्टा माणूस आपणहून दाखवितो, न दुखणारा चट्टा त्याहून आधी दाखवावा.